टेंडनवर भार आला की आतल्या कोलॅजेनचं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाचेच्या थोडं वर, मागच्या बाजूला चिमटीत जी जाड दोरी सापडते ते अकिलीस टेंडन. चिमूट तशीच ठेवून चवड्यांवर उभे राहा, दोरी एकदम ताठ होते. इतपत सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण त्या क्षणी आत, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढ्या जागेत, काय ताणलं जातं, काय सरकतं आणि कधीकधी काय उसवतं? फिजिओथेरपीचे विद्यार्थी, नियमित धावणारे आणि दुखऱ्या टाचेचे धनी पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

टेंडन आणि लिगामेंट यांत फरक काय?

टेंडन स्नायूला हाडाशी बांधतं, लिगामेंट हाडाला हाडाशी. दोन्हींचा मुख्य माल एकच, तो म्हणजे पहिल्या प्रकारचं कोलॅजेन हे दोरीसारखं प्रथिन. टेंडनमधलं पाणी काढून टाकलं तर उरलेल्या वजनाचा ६५ ते ८० टक्के भाग कोलॅजेनचाच भरतो. पेशी त्या मानाने फार थोड्या असतात, तंतूंच्या रांगांमध्ये चेपून बसलेल्या. म्हणून टेंडन समजून घ्यायचं तर पेशींच्या आधी दोरी समजून घ्यावी लागते.

ही दोरी वळलेली कशी असते?

सगळ्यात तळाशी कोलॅजेनचा रेणू. त्यात अमिनो आम्लांच्या तीन साखळ्या असतात, दोन सारख्या आणि एक जरा वेगळी. प्रत्येक साखळीत हजारावर अमिनो आम्लं, आणि त्यांतलं दर तिसरं ग्लायसिन. ग्लायसिन हे सगळ्यांत छोटं अमिनो आम्ल. तीन साखळ्यांच्या पिळाच्या मधोमध दुसऱ्या कुणाला बसायला जागाच नसते. एखाद्या ठिकाणी ग्लायसिनच्या जागी दुसरं काही आलं तरी पीळ बिघडतो. हाडं जन्मतः ठिसूळ असण्याच्या आजारात अनेक रुग्णांमध्ये नेमकी हीच चूक सापडते.

प्रत्येक साखळी स्वतः डावीकडे वळलेली असते आणि तिघी मिळून एकमेकींभोवती उजवीकडे वळतात. दोर वळणाऱ्याला ही युक्ती वेगळी सांगायला नको. पेड एका दिशेला पिळायचे आणि एकमेकांभोवती उलट दिशेला गुंडाळायचे, म्हणजे ओढ बसली की दोर उलगडायच्या ऐवजी आवळतो. कोलॅजेनचा हा तिहेरी पीळ जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४-५५ मध्ये मद्रास विद्यापीठात मांडला. क्ष-किरणांच्या चित्रांसाठी त्यांनी कांगारूच्या शेपटीचं टेंडन वापरलं होतं.

रेणूची लांबी सुमारे ३०० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), जाडी दीड नॅनोमीटर. पेन्सिलीच्या जाडीचा केला तर तो जवळपास दीड मीटर लांब होईल. असे रेणू शेजारीशेजारी आणि एकापुढे एक रचून फायब्रिल होतो. त्याची जाडी काही दशक नॅनोमीटरपासून काही शे नॅनोमीटरपर्यंत असते. फायब्रिलांचे तंतू होतात, तंतूंच्या जुड्या होतात, जुड्यांना फॅसिकल म्हणतात, आणि फॅसिकलांचा गठ्ठा म्हणजे टेंडन.

६७ नॅनोमीटर हा आकडा सगळीकडे का दिसतो?

कारण निसर्गाने फायब्रिलवर आपल्यासाठी मोजपट्टीच छापून ठेवली आहे.

रेणू एका रेषेत टोकाला टोक जुळवून बसत नाहीत. भिंत बांधताना गवंडी जसा सांधा सांध्यावर येऊ देत नाही, तसा प्रत्येक रेणू शेजाऱ्यापेक्षा ६७ नॅनोमीटर पुढे सरकून बसतो. आता ३०० ला ६७ ने पूर्ण भाग जात नाही. साडेचारच्या किंचित खाली उत्तर येतं. त्यामुळे एका रेणूचं शेपूट आणि पुढच्याचं डोकं यांच्यामध्ये साधारण ३६ नॅनोमीटरची फट उरते. फायब्रिलचा आडवा छेद कुठे घेतला यावर हिशेब बदलतो: काही ठिकाणी पाच रेणू शेजारीशेजारी, तर फटीच्या पट्ट्यात चारच. फटीच्या पट्ट्यात माल कमी, म्हणून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फायब्रिल गडद-फिका, गडद-फिका असा पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. या रचनेचा आराखडा हॉज आणि पेट्रुस्का यांनी १९६३ मध्ये दिला.

भाराच्या अभ्यासात या पट्ट्यांचं महत्त्व दुहेरी आहे. एक तर फायब्रिल ताणला की पट्ट्यांमधलं अंतर वाढतं. एक टक्का ताणला तर ६७ चे ६७.६७ होतात आणि हा फरक मोजता येतो. दुसरं म्हणजे फटीचा पट्टा हा मुळातच जरा लवचीक, विरळ भाग आहे. तिथे रेणू अगदी सरळ नसतात, थोडे वाकडेतिकडे, थरथरते असतात. त्याचा परिणाम पुढच्याच उत्तरात दिसेल.

टेंडन आधी सैल आणि मग अचानक कडक का लागतं?

कारण सुरुवातीच्या ओढीत कोलॅजेन खऱ्या अर्थाने ताणलं जातच नाही. विसावलेल्या टेंडनमधले तंतू नागमोडी असतात. उंदराच्या शेपटीतला एक फॅसिकल चिमट्यांच्या टोकांत धरून ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यावर आडव्या गडद पट्ट्या दिसतात. हलकेच ओढा, पट्ट्या फिकट होत होत पुसल्या जातात. सोडा, परत उमटतात. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काम सोडून दहा मिनिटं तेवढाच खेळ करत बसलो होतो. (या पट्ट्या ६७ नॅनोमीटरवाल्या नव्हेत. त्या मायक्रोमीटरच्या मापातल्या लाटा, म्हणजे शेकडो-हजारो पटींनी मोठ्या. परीक्षेत हा घोळ हमखास होतो.)

साधारण पहिल्या दोन टक्क्यांपर्यंतची वाढ या लाटा सरळ होण्यात जाते. त्यानंतर फटीच्या पट्ट्यातले वाकडे रेणू सरळ होऊ लागतात. इथे अणूंमधले बंध ताणले जात नसतात. रेणूंची उष्णतेमुळे होणारी थरथर दाबली जात असते, आणि तिला दाबायला जोर लागतो. थरथर संपली की मग रेणू स्वतः लांबू लागतात आणि एकमेकांवरून सरकू लागतात. आलेखात ही अवस्था सरळ चढत्या रेषेसारखी दिसते. चार टक्क्यांच्या पुढे बारीक इजा सुरू होतात आणि आठ-दहा टक्क्यांच्या आसपास टेंडन तुटतं, असं पाठ्यपुस्तकी चित्र असतं. ते ढोबळ म्हणून ठीक आहे. जिवंत माणसाचं अकिलीस टेंडन जोरदार आकुंचनात पाच-सहा टक्के लांबतं आणि दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा पळायला जातो.

टेंडन चार टक्के लांबलं म्हणजे रेणूही चार टक्के लांबला, बरोबर?

नाही. या सगळ्या प्रश्नांतला एकच लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवावा.

भार प्रत्येक पायरीवर वाटला जातो. पूर्ण टेंडन जेवढं लांबतं त्यापेक्षा फायब्रिल कमी लांबतो, आणि फायब्रिल जेवढा लांबतो त्यापेक्षा रेणू आणखी कमी. उंदराच्या शेपटीवरच्या मोजमापांत फायब्रिलच्या वाट्याला एकूण लांबीवाढीच्या निम्म्याहूनही कमी आलेली दिसते. मग बाकीची वाढ गेली कुठे? सरकण्यात. फॅसिकल फॅसिकलवरून सरकतात, तंतू तंतूवरून, फायब्रिल फायब्रिलवरून आणि फायब्रिलच्या आत रेणू रेणूवरून.

टेंडनला रबराची उपमा दिलेली मला खटकते ती यामुळेच. रबरात ताण सगळीकडे सारखा पसरतो. टेंडनमध्ये प्रत्येक मजल्यावर थोडी ढील दिलेली असते आणि ती ढील संपली की भार खालच्या मजल्यावर जातो. रेणूचा तिहेरी पीळ हा सगळ्यांत खालचा, त्याच्यापर्यंत ओढ पोचते ती शेवटी. पीळ उसवलेला सापडला तर समजावं की वरच्या सगळ्या ढिली वापरून झाल्या आहेत.

एवढ्या बारीक गोष्टी मोजतात तरी कशा?

मुख्यतः क्ष-किरणांनी. सिंक्रोट्रॉनमधून, म्हणजे इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने फिरवणाऱ्या यंत्रातून, येणारा प्रखर झोत ताणलेल्या टेंडनमधून पाठवतात. कोलॅजेनची रचना आवर्ती असल्यामुळे पडद्यावर ठिपक्यांचं चित्र उमटतं. त्यात दोन मोजपट्ट्या एकदम मिळतात: ६७ नॅनोमीटरची फायब्रिलसाठी आणि ०.२९ नॅनोमीटरची, म्हणजे साखळीतल्या एका अमिनो आम्लापासून पुढच्यापर्यंतच्या अंतराची, रेणूसाठी. यंत्राने टेंडन किती ओढलं हे बाहेरून कळतंच. तिन्ही आकडे शेजारी ठेवले की प्रत्येक मजल्यावर किती सरकलं ते वजाबाकीने निघतं.

अणुबल सूक्ष्मदर्शकाने एकेका फायब्रिलवर टोचून किंवा तो ओढून पाहता येतो. अशा प्रयोगांत एक चकित करणारी गोष्ट निघाली. माणसाच्या टेंडनमधला एकटा फायब्रिल तुटायला काही शे मेगापास्कल ताण लागतो (मेगापास्कल हे जाडीच्या मानाने ओढ किती ते सांगणारं माप). अख्खं टेंडन मात्र १०० मेगापास्कलच्या आसपास तुटतं. म्हणजे दोर कमकुवत असतो तो धाग्यामुळे नव्हे, धागे सगळे एकाच वेळी समान ओढ घेत नाहीत म्हणून.

इथे एक सावधगिरी. या क्षेत्रातलं बरंचसं ज्ञान उंदराच्या शेपटीवर उभं आहे. ती हाताळायला सोपी, स्वच्छ, सरळ फॅसिकल देते. पण शेपूट काही धावत नाही, आणि त्यातल्या कोलॅजेनच्या रेणूंना एकमेकांशी जोडणाऱ्या गाठीही माणसाच्या टेंडनपेक्षा कच्च्या असतात. शेपटीवरचा आकडा उचलून थेट गुडघ्याला लावणारे लेख वाचताना हे ध्यानात असू द्या.

रेणू आणि फायब्रिल एकमेकांना धरून कसे राहतात?

फायब्रिलच्या आत रेणूंमध्ये रासायनिक गाठी असतात. लायसिल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम, ज्याला तांबं लागतं, रेणूच्या पीळ नसलेल्या टोकांवर या गाठींची सुरुवात करून देतं. वयाबरोबर त्या पक्क्या होतात. सुरुवातीला दोन साखळ्यांना जोडणारी गाठ पुढे तिघींना जोडते. गाठी कमी असतील तर रेणू सहज सरकतात आणि फायब्रिल ओघळल्यासारखा लांबतो. गाठी भरपूर असतील तर सरकणं थांबतं, ताकद वाढते, आणि मग तुटायची वेळ आली तर गाठी नाहीतर खुद्द साखळ्याच तुटतात.

फायब्रिल-फायब्रिलमध्ये काय आहे, यावर मात्र बराच वाद आहे. डेकोरिनसारखी प्रथिनं आणि त्यांच्या साखरेच्या लांब शेपट्या दोन फायब्रिलांमध्ये पूल बांधतात आणि त्या पुलांवरून भार इकडून तिकडे जातो, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. चित्र देखणं आहे. पण एन्झाइमने त्या शेपट्या कापून टाकल्या तरी ओढीला होणारा विरोध फारसा बदलत नाही, असं वेगवेगळ्या प्रयोगशाळांत दिसलं. शिवाय प्रौढ टेंडनमध्ये फायब्रिल बहुधा खूप लांब, जवळपास सलग असतात असा पुरावा आहे. दोरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असेल तर मधल्या पुलांवर भार टाकायची गरजच काय? माझा कल या दुसऱ्या बाजूला आहे.

पाण्याचा यात काय संबंध?

फार मोठा, आणि तो सहसा विसरला जातो. जिवंत टेंडनच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग पाणी आहे. ते फक्त मोकळ्या जागेत साचलेलं नसतं. रेणूंच्या मध्ये, पिळाला चिकटून, सरकण्याला वंगणासारखं काम करत असतं. टेंडन ओढलं की ते बारीक होतं आणि त्यातून पाणी बाहेर ढकललं जातं.

फॅसिकल टेबलावर उघडा ठेवून फोन घ्यायला गेलात तर परत येईपर्यंत तो तारेसारखा कडक झालेला असतो. पाणी गेलं की रेणू जवळ येतात, आखडतात. ६७ चं अंतर ६५ किंवा त्याखाली येतं. टोकं घट्ट धरून ठेवली आणि टेंडन वाळू दिलं तर ते धरणाऱ्याला ओढू लागतं, आणि ती ओढ मेगापास्कलच्या दशकांत जाऊ शकते. म्हणून कुठल्याही प्रयोगाचा आकडा वाचताना पहिला प्रश्न हा विचारावा: नमुना ओला होता का?

भार जास्त झाला तर आधी काय तुटतं?

आपल्याकडे म्हणतात, सुंभ जळतो पण पीळ जात नाही. कोलॅजेनमध्ये उलटं घडतं: सुंभ शाबूत दिसतो आणि पीळ गेलेला असतो.

जास्त ताणलेल्या टेंडनमध्ये फायब्रिलचे दोन तुकडे होण्याच्या बऱ्याच आधी काही ठिकाणी रेणूंच्या तीन साखळ्या एकमेकींपासून सुटतात. रासायनिक बंध तुटलेच पाहिजेत असं नाही, पीळच उसवतो. गाईबैलांच्या शेपटीच्या टेंडनवर सॅम्युएल व्हेरेस आणि मायकेल ली यांनी केलेल्या कामात, जे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं, अशा फायब्रिलांवर अंतराअंतराने मोडल्यासारख्या घड्या दिसल्या. दोन घड्यांमधला भाग ठाकठीक, ६७ च्या पट्ट्या जागच्या जागी. घडीपाशी मात्र पट्ट्या गायब आणि पीळ विस्कटलेला. एरवी कोलॅजेनला हात लावू न शकणारं ट्रिप्सिन हे एन्झाइम नेमकं तिथे चावा घेऊ शकतं.

ही सरळसरळ मोडतोड आहे की मुद्दाम ठेवलेली सोय? मला दोन्ही वाटतं. ठरावीक जागी उसवल्यामुळे भरपूर ऊर्जा शोषली जाते आणि फायब्रिल अखंड राहतो. वर त्या जागेवर खूणही होते: मॅक्रोफेजसारख्या सफाई करणाऱ्या पेशी उसवलेलं कोलॅजेन ओळखतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे.

उसवलेला पीळ शोधायला आता एक सुरेख साधन आहे. कोलॅजेनसारखीच रचना असलेला, पण एकटा सुटा असलेला छोटा पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी, चमकणारा रंग जोडून टेंडनवर सोडतात. शाबूत पिळात त्याला जागा नसते. पण जिथे साखळ्या सुटल्या आहेत तिथे तो तिसऱ्या पेडासारखा जाऊन वळतो आणि ती जागा उजळते. २०१७ मध्ये उंदराच्या शेपटीवर आणि पुढे पुन्हा पुन्हा दिलेल्या भारावर हे वापरून दिसलं की एका मोठ्या झटक्यानेच असं होतं असं नाही. मध्यम भाराच्या आवर्तनांनीही उसवलेले रेणू हळूहळू साठत जातात, आणि टेंडनचा थकवा रेणूच्या पातळीवर बहुतांशी हाच असतो.

बंध खरोखर तुटतात तेव्हा आणखी एक गंमत होते. २०२० मध्ये जर्मनीतल्या एका गटाने दाखवलं की ताणाखाली गाठींच्या आसपास बंध तुटून मुक्त मूलकं, म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन असलेले चंचल तुकडे, तयार होतात, ती साखळीवरच्या विशिष्ट जागांवर स्थिरावतात आणि पाण्याशी संबंध येऊन हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं. म्हणजे यांत्रिक ओढीतून थेट रासायनिक निरोप. आजूबाजूच्या पेशी तो ऐकत असतील, ही शक्यता मला फार आकर्षक वाटते.

शरीरातली सगळी टेंडन असंच वागतात का?

नाही. काही टेंडनचं काम सांधा जागेवर धरायचं, काहींचं स्प्रिंगसारखं ताणून ऊर्जा परत द्यायचं. गाईबैलांच्या एकाच पायातली ही दोन्ही तोडून पाहिली, तर पहिल्या प्रकारच्या टेंडनचे फायब्रिल घड्या पडून उसवलेले सापडले. स्प्रिंगचं काम करणाऱ्याचे मात्र तुटूनही बरेचसे शाबूत होते. त्यांत पक्क्या गाठी जास्त असतात आणि फॅसिकलांची ठेवण मळसूत्री असते, त्यामुळे ओढीचा बराचसा हिशेब वरच्या मजल्यांवरच मिटतो. धावताना अकिलीसवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो आणि साठवलेल्या ऊर्जेतली साधारण ९० टक्के परत मिळते.

ताणामुळे कोलॅजेन झिजतं की टिकतं?

मर्यादेत असेल तर टिकतं. कोलॅजेन कापणारी एन्झाइम ताणलेल्या फायब्रिलपेक्षा सैल पडलेल्या फायब्रिलवर लवकर काम करतात, असं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. ती रेणूला एका ठरावीक जागी, एका टोकापासून सुमारे तीनचतुर्थांश अंतरावर कापतात, आणि घट्ट रचलेल्या ताणलेल्या फायब्रिलमध्ये ती जागा सहज सापडत नाही. पीळ उसवला की मात्र सगळीकडून वाट मोकळी. म्हणजे कापणारं एन्झाइम आंधळं असलं तरी काम बरोबर होतं: ज्याच्यावर भार नाही ते जातं, ज्याची मोडतोड झाली आहे तेही जातं, कामावर असलेलं राहतं. पायाला बरेच आठवडे प्लास्टर असल्यावर टेंडन मऊ पडतं, त्याच्या कारणांत हेही एक असावं.

पेशींना भार कळतो कसा?

त्यांना स्पर्श कळतो म्हणा ना. तंतू एकमेकांवरून सरकले की मधल्या पेशींच्या आवरणावर घासल्यासारखा जोर येतो आणि पीझो-१ नावाचं दार उघडून कॅल्शियम आत जातं. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी हे दाखवलं. ज्या उंदरांत हे दार जरा जास्त उघडं राहतं, त्यांची टेंडन अधिक ताठ आणि मजबूत निघाली. म्हणजे मघाची ती सरकण्याची ढील नुसता बचाव नाही. पेशींना बातमी तिच्यातूनच मिळते.

टेंडन आयुष्यभर नवं होत राहतं का?

गाभा नाही, आणि हे शोधायला अणुबॉम्ब कामी आले. १९५५ ते १९६३ या काळातल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-१४ जवळपास दुप्पट झालं आणि मग हळूहळू उतरत गेलं. ऊतीतलं कार्बन-१४ मोजलं की ती ऊती कोणत्या वर्षांत बनली ते सांगता येतं. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ मध्ये अकिलीस टेंडनच्या गाभ्याबाबत हे केलं. उत्तर आलं की तो साधारण सतराव्या वर्षापर्यंत बनतो आणि नंतर फारसा बदलत नाही. त्याच माणसांच्या स्नायूंत मात्र सतत उलाढाल दिसली. म्हणजे साठीत चालताना तुम्ही कॉलेजात जाण्याआधीच्या दोरीवर चालत असता.

याच्या शेजारी दुसरं एक निरीक्षण ठेवावं लागतं. उंदरांत रोज दिवस-रात्रीच्या तालावर बारीक फायब्रिल तयार होतात आणि काढून टाकले जातात, जाड तसेच राहतात. माणसात व्यायामानंतर कोलॅजेन बनण्याचा वेगही वाढतो. दोन्ही खरं असायला हरकत नाही: जाड दोर कायमचे, त्यांच्या फटींतले बारीक धागे रोजच्या झिजेसाठी.

मग व्यायामाने टेंडन मजबूत होतं का? किती भार लागतो?

होतं, पण सावकाश आणि पुरेसा ताण दिला तरच. ग्रीक वंशाचे संशोधक अरांपात्झिस यांच्या गटाने एकाच माणसाच्या एका पायाच्या टेंडनला सुमारे तीन टक्के आणि दुसऱ्याला सुमारे साडेचार टक्के ताणणारा व्यायाम १४ आठवडे दिला. एकूण काम दोन्ही पायांना सारखंच होतं. ताठरपणा वाढला तो जास्त ताण मिळालेल्या पायात. व्यायाम झटक्यांचा नव्हता. तीन सेकंद जोर, तीन सेकंद विसावा असा होता. मजल्यांच्या भाषेत सांगायचं तर हलक्या ताणात लाटा सरळ होण्यापलीकडे फारसं काही घडत नाही, आणि पेशींपर्यंत पुरेशी बातमी जात नाही.

वेळेचं गणितही बघा. जोरदार व्यायामानंतर कोलॅजेन बनण्याचा वेग एका दिवसाच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि तीन दिवसांपर्यंत वाढलेला राहतो. पण तोडण्याचा वेगही वाढतो, आणि पहिला दिवस-दीड दिवस जमेपेक्षा खर्च जास्त असतो. रोज त्याच टेंडनला जबर भार देणारा माणूस कायम त्या तुटीच्या खिडकीतच राहतो. आधीच दुखत असेल तर भाराचं प्रमाण फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्या.

स्ट्रेचिंगने टेंडन लांब होतं का?

थोड्या वेळापुरतं, किंचित. काही आठवड्यांच्या स्ट्रेचिंगने सांधा जास्त वाकतो तो बहुतेक करून ओढ सहन करण्याची सवय वाढते म्हणून.

वय आणि मधुमेह यांनी काय बदलतं?

जे कोलॅजेन चाळीस वर्षं बदललं जात नाही त्याला रक्तातली साखर चिकटत राहते. त्यातून ग्लुकोसेपेनसारख्या नको त्या गाठी तयार होतात, मधुमेहात त्यांना जास्त वाव मिळतो. लायसिल ऑक्सिडेजच्या गाठी ठरलेल्या जागी असतात. या कुठेही पडतात. प्रयोगशाळेत अशा गाठी मुद्दाम पाडल्या तेव्हा टेंडन ओढून धरल्यावर हळूहळू ढिलं पडण्याचा त्याचा गुण कमी झाला, कारण तंतू सरकेनासे झाले. ढील देणारे मजले असे जाम झाले की भार थेट तळाशी उतरतो.

साखरेशी संबंध नसलेला एक धोकाही सांगून ठेवतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या प्रतिजैविकांनी टेंडन तुटण्याचा धोका वाढतो, विशेषतः साठीनंतर आणि सोबत स्टेरॉइड चालू असतील तर. औषध चालू असताना टाच दुखायला लागली तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

कोलॅजेन पावडर घेतली तर ते टेंडनमध्ये जातं का?

पावडरमधलं कोलॅजेन पोटात पचतं; त्याची अमिनो आम्लं आणि काही छोटे तुकडे रक्तात जातात. अख्खा तिहेरी पीळ आतड्यातून उचलून टाचेत बसवायची सोय शरीरात नाही. २०१७ च्या एका छोट्या प्रयोगात व्यायामाआधी तासभर जिलेटिन आणि क जीवनसत्त्व घेतल्यावर कोलॅजेननिर्मितीचा रक्तातला निदर्शक वाढला. पण रक्तातला निदर्शक हाड, त्वचा आणि टेंडन यांत भेद करत नाही. क जीवनसत्त्व मात्र खरोखर लागतं, कारण त्याशिवाय तिहेरी पीळ शरीराच्या तापमानाला टिकत नाही. स्कर्व्हीत जखमा भरत नाहीत त्या यामुळे.

अल्ट्रासाउंड किंवा एमआरआयमध्ये हे उसवणं दिसतं का?

दिसत नाही. अल्ट्रासाउंडला मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासचं दिसतं. फायब्रिलवरची घडी त्याच्या कितीतरी शे पट लहान असते. टेंडन जाड झालंय, पाणी साठलंय, तंतूंची रांग विस्कटलीय, एवढं कळतं, आणि तेही दुखण्याशी नेहमी जुळत नाही. चमकणाऱ्या पेप्टाइडने उजळलेली चित्रं तुम्ही पाहिली असतील, तर ती प्रयोगशाळेतल्या नमुन्यांची आहेत. तुमच्या टाचेचं तसं चित्र अजून कुठल्या दवाखान्यात निघत नाही.